पाणसळ

दर गुरुवारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतल्यावर,
रंगाच्या डब्यांमागच्या खोलीत आम्ही दोरी बांधतो
आणि कपडे वाळत घालावेत तसे फोटो अडकवतो
लाकडी चिमट्यांनी.
बाहेर पुन्ता अरेनासचा वारा पत्र्याशी भांडत असतो.
आत किटली, चार कप, त्यातल्या एकाचा कान तुटलेला.

नियम एकच: ज्याचा फोटो, त्यानं गप्प बसायचं.

मिल्का यूत्रोनिच सात नंबरची बस चालवते.
तिचे सगळे फोटो समोरच्या काचेतून, वायपरसकट.
वायपर मध्ये येतो, असं आम्ही चार वर्षं सांगतोय.
ती मान डोलावते,
आणि पुढच्या गुरुवारी वायपर जरा जास्तच मध्ये.

दोन्या एडुविहेस सुईण होती. आता फक्त कुत्र्यांचे फोटो काढते.
कुणाचंही काम समोर आलं की आधी चष्मा पुसते,
मग म्हणते, "बाळसं नाही धरलेलं, पण जगेल."

आणि बाल्तासार मान्सिया, गवंडी.
त्याच्या खिशात बोटभर लांबीची पाणसळ असते.
ती तो थेट फोटोवर टेकवतो,
हिरव्या पाण्यातला बुडबुडा कुठं सरकतो ते बघतो
आणि म्हणतो, "क्षितिज कललंय."
विषय संपला.

मी तिकिटं फाडते, पलीकडे पोर्वेनीरला जाणाऱ्या फेरीबोटीची.
नोव्हेंबरात एक फोटो नेला होता:
चौकात, वाऱ्यात धरायला म्हणून पालिकेनं बांधलेला दोर,
त्याला लोंबकळणारा शाळकरी पोरगा,
दप्तर पाठीवरून सुटून आडवं उडतंय,
मागं सामुद्रधुनीची राखाडी पट्टी.
मी त्याला नाव दिलं नव्हतं.
त्यांनी नावं ठेवली.
आभाळ फार. पोराचं तोंड अंधारात.
डावीकडचा खांब कशाला?
एडुविहेस म्हणाली, जगेल.
बाल्तासारनं पाणसळ टेकवली. बुडबुडा पार टोकाला पळाला.

मला सांगायचं होतं
की मीही तोच दोर एका हातानं धरून उभी होते,
की या गावात सरळ उभा राहतो तो फक्त पुतळा.
पण नियम म्हणजे नियम.
मी चहा प्याले. तुटक्या कानाचा कप माझ्याच वाट्याला आला होता.

घरी गेल्यावर रागारागानं फोटो सरळ केला. तीन अंश.
समुद्र सुतासारखा झाला
आणि वारा गेला.
पोरगा नुसताच दोर धरून उभा,
मिल्काच्या बसची वाट बघत असल्यासारखा.
पुन्हा कलता केला.
खांब मात्र कापला. खांबाबद्दल त्यांचं खरं होतं.

मग जूनमध्ये, साडेपाचलाच अंधार पडतो त्या दिवसांत,
बाल्तासारनं स्वतःचा फोटो आणला. दोन वर्षांनी पहिला.
बेकरीमागची विटांची भिंत, तिच्यावर त्याच्या टोपीची सावली.
कुणी बोलेना.
मिल्कानं त्याच्यापुढं हात पसरला. त्यानं मुकाट पाणसळ दिली.
बुडबुडा हलला.
"तिरकं आहे," ती म्हणाली, जवळजवळ माफी मागितल्यासारखी.

त्यानं नियम मोडला.
"फोटो सरळ आहे. भिंत तिरकी आहे.
माझी पहिली. अठरा वर्षांचा होतो.
मालकानं बघितली, पैसे मोजून दिले, काही बोलला नाही.
घरच्यांनी बघितली. तेही नाही."
कप फिरवत राहिला टेबलावर.
"कुणीतरी बोलायला हवं होतं."

एडुविहेसनं चष्मा पुसला. "पडली का अजून?"
"नाही."
"मग."

पुढच्या गुरुवारी मी तोच पोरगा दोरीला अडकवला,
कललेला, खांबाविना.
बाल्तासारनं खिशात हात घातला
आणि हात तिथंच ठेवला.
पत्रा वाजत होता.
"आभाळ," मिल्का म्हणाली, "अजूनही फार आहे."