ताश्कंदची किटली

आमच्या सुटकेसी युरियाच्या काट्यावर मोजल्या.
तेवीस किलोच्या वर छटाकभर नको, म्हणून
ठेच्याची बरणी दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली,
शेवटी ह्यांच्या नव्या बुटात बसली.

कंपनीची स्कीम होती.
पऱ्हाटीच्या बियाण्याच्या बाराशे बॅगा विकल्या
की ताश्कंद, पाच दिवस, दोघांचं फुकट,
लेकरांचं भाडं आपलं.
पासपोर्टावर माझा फोटो असा
की कोणीतरी चोरीत धरलं आहे.

अकोटचे, वणीचे, हिंगणघाटचे दुकानदार,
सगळ्यांच्या डोक्यावर एकच पिवळी टोपी.
गाईडबाई दिलनोझा, हिंदी बोलायची सिनेमातली,
छत्री उंच धरून पुढे चालायची
आणि आम्ही मागे, रांगेत, आठवडी बाजाराला निघाल्यासारखे.
निळे घुमट पाहिले. मोठा चौक पाहिला. घोड्यावरचा राजा पाहिला.
हे ट्रामचा व्हिडिओ काढत राहिले.
ऋत्वीला वायफाय हवं होतं,
आणि धाकट्याला शू.
रस्ते इतके रुंद, इतके धुतलेले,
की थुंकी गिळत होते सगळे.

तिसऱ्या दिवशी जमिनीखालच्या रेल्वेत नेलं.
एका स्टेशनावर उतरलो
आणि भिंतीवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कापूस.
निळ्या-हिरव्या चकाकत्या तुकड्यांत
फुटलेली बोंडं, पांढरी, एकाला एक लागून.
दिलनोझा म्हणाली, स्टेशनचं नावच कापूस पिकवणाऱ्यांचं आहे.
टोप्या थांबल्या.
वणीचे बोबडेभाऊ भिंतीला हात लावून म्हणाले,
बोंडअळी नाही दिसून राहिली कुठं.
सगळे हसले. मी पण हसले.
पण घाटंजी रोडवरच्या आमच्या गावात
कापसाला असं कुठेच ठेवलेलं नाही,
गंजी असते, ताडपत्री असते,
जिनिंगच्या फाटकाशी ट्रॅक्टरांची रांग असते.
गाडी आली. छत्री हलली.

बाजारात मी किटली घेतली.
निळी, पोटावर बोंडं, सोनेरी रेघ.
म्हणे तिथे घरोघरी हीच.
साडीत गुंडाळून मांडीवर धरून आणली,
नागपुरापर्यंत ह्यांनी तीनदा विचारलं, फुटली का?

दिवाळीनंतर वेचणीला बाया आल्या.
दुपारी धुऱ्यावर चहा नेला, मुद्दाम त्याच किटलीत.
बेबीनंदानं ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला,
किटली फिरवून पाहिली,
करवंदासारख्या काळ्या बोटांनी.
"हे तं बोंडच होय वं वैनी.
इतक्या लांब जाऊन कापूसच आनला?"

मी सगळं सांगितलं.
स्टेशन, भिंत, बाराशे बॅगा.
ती बोटांवर काहीतरी मोजत होती.
"थ्या बाराशेत दोन आमच्या मक्त्याच्या वावरातल्या,"
ती म्हणाली,
"म्हंजे दोन बॅगांपुरती मी बी जाऊन आली नं इमानात."
आणि बाया अशा हसल्या
की पलीकडच्या तुरीतले पोपट उडाले.

मग कपातला चहा फुंकत, सहज,
"तिकडं येचाई काय किलो हाय?"

मला राजाच्या घोड्याचं वजन सांगितलं होतं.
घुमटाला किती वर्षं झाली, ते सांगितलं होतं.
भूकंप कधी झाला, स्टेशनं किती, टाइलांचा निळा रंग कशाचा,
वहीत लिहून आणलंय सगळं.
हे मी विचारलं नाही.
ते तिथे कोण वेचतं, हेही नाही.

"पुसून घेजो पुढच्या टायमाले,"
बेबीनंदा म्हणाली, आणि ओटी कसून उठली.
तास अजून अर्धं राहिलं होतं.
किटलीत दोन घोट उरले होते, कोमट.
झाकणाला बारीक चीर गेलेली
मी तेव्हाच पाहिली.
ह्यांना अजून सांगितलं नाही.