दोन मीटर

बॅलीनाक्रोगमध्ये आता एकच पब उघडा आहे.
दुसऱ्याच्या दारावर मार्चातली पाटी अजून तशीच:
दोन आठवड्यांसाठी बंद.
मी खिशातून टेप काढते. पोलादी, पाच मीटरची,
पूर्वी हिनं मी कत्तलखान्यांची गटारं मोजायची.
फिअक्रा, सोबतचा गार्ड, गाडीतून उतरत नाही.
म्हणतो, माझं लग्न जमलं ते त्याच काउंटरशी,
आत मला सगळे ओळखतात. तू जा.

डिम्फ्नाचा मास्क हनुवटीवर, मला पाहताच नाकावर.
"या. आज काय मोजायचं, टेबलं की माणसं?"

नियम असा, की पिणाऱ्यानं आधी जेवायचं,
नऊ युरोंचं तरी,
आणि पावती अठ्ठावीस दिवस जपायची.
विषाणू भरल्या पोटाला भितो
असं कुणी म्हटलेलं नाही,
पण कागद वाचला की तसंच वाटतं.
खिळ्याला टोचलेल्या पावत्या मी चाळते:
स्ट्यू, स्ट्यू, स्ट्यू, एक मासा, पुन्हा स्ट्यू.
मागच्या अंगणात एक कुत्रा, इतका गलेलठ्ठ
की परकं माणूस बघूनही भुंकायला उठत नाही.
त्याच्यासाठी माझ्या फॉर्मात रकाना नाही.

मग वही. नाव, फोन, आल्याची वेळ.
टेबल चार, रोज संध्याकाळी सात:
मॅलकी ड्युईन. कोलमन टिअर्नी.
दोन नावं, अक्षर एकाच हातचं.
"हे टिअर्नी कुठं आहेत?"
कुणी बोलत नाही. फ्रिज तेवढा गुरगुरतो.
मी नंबर लावते. दहांतला एक लावून बघायचा, असंच सांगितलंय आम्हाला.

काउंटरमागे, चमच्यांच्या बरणीत, फोन वाजू लागतो.
डिम्फ्ना उचलत नाही,
बंदही करत नाही.
चमच्यांना हलकी थरथर सुटते.
मग तो आपण होऊन थांबतो.

"एप्रिलात गेला," मॅलकी म्हणतो.
"दफनाला दहा जणांची परवानगी. मी अकरावा.
क्रीमरीच्या वळणावर उभा राहिलो,
गाडी गेली तेव्हा टोपी काढली. फार वेगात गेली."
"फोन चार्ज कोण करतं?"
हे विचारायची मला काहीच गरज नव्हती.
"मी," डिम्फ्ना म्हणते, "ग्लास धुऊन झाले की."

खोटी नोंद. कलम मला पाठ आहे, दंडाचा आकडाही.
त्याच्या खुर्चीची गादी एका बाजूला दबलेली,
डाव्या कुशीवर बसत असावा, बोलणाऱ्याकडे कान करून.
मी वाकते. टेपचं टोक मॅलकीच्या खुर्चीला लावते.
एक मीटर साठ.

"चाळीस सेंटिमीटर कमी भरतंय," मी म्हणते.
"या गृहस्थांना जरा मागं सरकवा."

मॅलकी माझ्याकडे बघत राहतो.
मास्कच्या वर नुसते डोळे असतात तेव्हा
शिवी आणि आभार यांतला फरक कळत नाही.
मग उठतो, खुर्ची दोन्ही हातांनी उचलतो,
फरशीवरून ओढत नाही,
मागं नेऊन टेकवतो. "झालं?"
मी पुन्हा मोजते. दोन मीटर, वर बोटभर.
शेरा लिहिते: टेबल चार, व्यक्ती दोन, अंतर पुरेसं.

टेप डबीत परत जाताना अंगठ्याला कापून गेली.
गाडीत फिअक्रा विचारतो, काही सापडलं?
मी अंगठा तोंडात धरून म्हणते,
त्या कुत्र्याला कुणीतरी चालवायला नेलं पाहिजे.