लूमी

बेचाळीस स्लाइड घेऊन मी मस्कतहून सोहारला आले,
ऑगस्टात, चष्म्यावर बाहेरच्या हवेची वाफ घेऊन.
क्लिअरिंग ऑफिसात सात टेबलं, चहाचा एक थर्मास,
आणि माझ्या प्रत्येक वाक्याला डोलणाऱ्या माना.
बिजू म्हणाला, मस्त आहे. रोवेना म्हणाली, वेळ वाचेल.
परकारचाचा म्हणाले, इन्शाल्ला,
आणि जुन्या कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून
मी जायची वाट बघत बसले.

तिसऱ्या आठवड्यात नोंदी पाहिल्या.
यंत्र उघडलं गेलं होतं
फक्त मी खोलीत असताना.

हेड ऑफिसचा फोन आला: माणसं बदलाला घाबरतात,
त्यांना फायदे परत सांगा.
परत सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी.
घडा पालथा कुणी घातला, का घातला,
हे विचारायचं माझ्या यादीत नव्हतं.

एका दुपारी नमाजहून परतल्यावर
चाचांनी आपणहून खालचा खण उघडला.
रबराने बांधलेली वही. बावीस वर्षांचं अक्षर,
दाभोळच्या शाळेत पाटीवर घोटलेलं:
कुठल्या मालाला कुठला कोड,
कुठला साहेब कशावर अडतो,
कुणाच्या पोत्यांचं वजन नेहमीच चार किलो खोटं.
"तुझ्या यंत्राला ह्याच हवा ना, बाय?
ह्या त्येला दिला, तर माझ्यापाशी काय ऱ्हायला?
मार्चात बताका संपतो माझा."

बेचाळीस स्लाइडांत बताका कुठेच नव्हता.
मी लॅपटॉप मिटला.

सैफ अल बलुशींच्या केबिनमध्ये मी म्हटलं, कागद हवा.
शिक्का मारलेला. यंत्रापायी कुणाचा व्हिसा जाणार नाही,
दोन वर्षं. आणि माणसाच्या सहीशिवाय
त्याचं एकही उत्तर बंदरात जाणार नाही.
त्यांनी खजुराची ताटली पुढे सरकवली.
सह्या ठीक, म्हणाले. वर्ष एकच.
मी घासाघीस केली, मग दोन्ही घेतलं,
एक खजूर, एक वर्ष.
त्यानंतरचं मला विचारू नका. मलाही कुणी सांगितलेलं नाही.

कागद थर्मासच्या वर चिकटवला.
चाचांनी तो दोनदा वाचला,
फोटो काढून घरी पाठवला,
आणि तरीही यंत्राकडे पाठच केली.

मग बसऱ्याला निघालेली लूमी आली, चाळीस पोती.
मिठाच्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवून
काळीठिक्कर झालेली लिंबं; हलवली की आत बिया वाजतात.
इनव्हॉइसवर लिहिलेलं: ब्लॅक लाइम.
यंत्र क्षणभरही अडखळलं नाही.
ठामपणे म्हणालं: चुना.

चाचा आधी गप्प. मग खुर्ची कुरकुरेपर्यंत हसले.
"पहिल्याच खेपेला चुना लावलान की गो!"
बिजूला हिंदीतून कळलं,
रोवेनाला मी समजावत बसले,
आणि समजावता समजावता बघते तर
सातही टेबलं रिकामी,
सगळे एका पडद्याभोवती.
"पोर शिकलेला हाय," चाचा म्हणाले,
"पण बाजारात कंदी गेलेला नाय."
एका बोटाने त्यांनी दुरुस्ती टाइप केली.
खाली सही, पूर्ण नावाची, शमसुद्दीन इस्माईल परकार.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा
कॅल्क्युलेटर बाजूला सरकला होता. वीतभरच.

आता रोज चहाच्या आधी
ते वहीतली एकच ओळ त्याला वाचून दाखवतात.
एकच. वही हातची सोडत नाहीत,
वाचून झाली की खण बंद, किल्ली खिशात.
मी मनात भागाकार करून पाहिला:
ओळी किती, दिवस किती, एक वर्ष पुरेल का.
त्यांनीही केला असणार. कॅल्क्युलेटरशिवाय.

हेड ऑफिसच्या अहवालात रकाना होता:
विरोध कशाने मोडला?
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मी लिहिलं, विरोध नव्हताच,
प्रश्न होता, तो बताक्याचा होता.
आणि खाली, शेरा:
लूमी म्हणजे लिंबू. परकारांना विचारावे.