पाऊणकी

वही मी सहज उघडली.
तिसरीची, चौकटींची, कव्हरावर फुलपाखरू.
सत्तेचाळीस अधिक छत्तीस :
आधी त्र्याऐंशी लिहिलेलं, मग
कागद झिजेपर्यंत पुसलेलं,
आणि त्यावर त्र्याहत्तर. ठळक.

हातचा विसरली असेल, म्हटलं.
पुढचं पान बघितलं. त्याच्या पुढचं.
सगळीकडे आधी बरोबर, नंतर चूक.
पानात तीन, कधी चार,
चिमटीनं मीठ टाकावं तशा.

रात्री केसांतून फणी फिरवताना विचारलं.
तीर्था म्हणाली, "सगळी बरोबर आली ना बाबा,
की बाई म्हणतात, हिच्यासारखं करा.
मग मधल्या सुट्टीत लंगडीत मला घेत नाहीत."
थोड्या वेळानं :
"आणि लवकर झालं तर हाताची घडी, तोंडावर बोट.
मी कौलं मोजते.
एकशे बारा आणि एक फुटकं."

मी धोपाव्याच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
शिकलो दहावी, तीही दोनदा बसून.
पोर मागं पडली तर शिकवणी लावता येते.
पुढं गेली तर
कुणाच्या दारात उभं राहायचं?

घवाळी बाई वाईट नाहीत.
एका खोलीत तिसरी-चौथी, अडतीस पोरं,
त्यात खिचडीचे तांदूळ तोलायचे,
वर माहिती पाठवायची, आजची आजच.
म्हणाल्या, "तीर्थाची काय काळजी करताय?
तिची मला काळजीच नाही."
चांगल्या मनानं म्हणाल्या.
घाटी उतरताना ते वाक्य
चपलेत खडा गेल्यासारखं टोचत राहिलं.

जेट्टीवर दाऊदमामू बसतो, जुना सारंग,
एका डोळ्यावर पडदा आलेला.
शनिवारी शाळा सुटली की तीर्था माझ्याकडेच.
त्याला विचारते, "घड्याळ नाही, दिसत नाही,
पाणी कधी भरणार ते कसं सांगतोस?"
"तिथी घ्यायची. तिची पाऊणपट करायची."
"पाऊणपट म्हणजे?"

मी हातातलं तिकीट तसंच धरून उभा.
किती महिन्यांनी
तिला काहीतरी येत नव्हतं.
फेरीची फळी धाडकन खाली यावी
आणि आतल्या गाड्यांवर ऊन पडावं,
तसा चेहरा.

पाऊण, दीड, सव्वादोन, तीन,
पावणेचार, साडेचार,
पायऱ्या चढताना, भात कालवताना,
झोपेतसुद्धा : सव्वापाच, सहा.
अष्टमीला सहा! सहाला भरती!

अष्टमीला सहाच्या ठोक्याला जेट्टीवर गेलो.
पाणी येऊन परत निघालेलं.
मामूनं ओढलेली गेरूची रेघ ओली,
आणि त्याखाली वीतभर ओला दगड.

मला वाटलं आता रडेल. नाहीतर खोडेल.
ती मामूसमोर कमरेवर हात ठेवून उभी,
"तुझं गणित चुकलं."
मामू खोकला येईपर्यंत हसला.
"मुंबईच्या गोदीत शिकलो ते, पोरी.
दाभोळचं पाणी दाभोळचं.
ते किती आधी येतं
हे मला कुणी मोजून दिलं नाही अजून."

आता दुसरी वही आहे, दोनशे पानी.
तिथी, वेळ, वारा, पाणी कितव्या पायरीला.
चुका त्यातही आहेत.
पण पुसलेल्या नाहीत. वर एक तिरकी रेघ
आणि बाजूला : असं का?

बाईंना नेऊन दाखवली.
उभ्यानं वाचत राहिल्या, तांदूळ तराजूतच.
मग हळूच म्हणाल्या,
"मला पाऊणकी येत नाही हो."
आणि, "गणितापुरती चौथीत बसवून बघते.
चालेल ना तिला?"

चालतंय. कधी कधी.
लंगडीत अजून घेत नाहीत.
परवा यास्मिन नावाची एक मात्र
रेघा बघायला जेट्टीवर आली,
फ्रॉक भिजवून गेली.

काल वही चाळली, या वेळी विचारून.
शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात :
कौलं एकशे तेरा.
फुटकं बदललं.