तोडल्यापासून

आबांचे दात गेले त्याच वर्षी
मी औषधशास्त्राची डिग्री घेऊन दिरे दावाला परतले.
आता रोज दुपारी त्यांच्यासाठी चात कुटते,
लाकडी खलबत्त्यात, चिमूटभर साखर, चार शेंगदाणे.
‘बोन्तू, फार बारीक नको गं,
पान खातोय हे कळलं पाहिजे.’

कॅथिनोन.
बाजारात हे नाव कुणी घेत नाही.
कोवळ्या तांबूस शेंड्यात असतं ते,
आणि फांदी तोडली की त्याची घटका भरायला लागते.
एका कार्बनने ऑक्सिजनला दोन्ही हातांनी धरलेलं असतं;
पान सुकता सुकता पानातलंच कुणीतरी
त्यातला एक हात सोडवतं.
झालं. आता ते कॅथीन.
हाडं तीच, चेहरा तोच,
धार गेलेली.

दोन दिवस, फार तर.
तेवढ्यासाठी आबांनी एकवीस वर्षं
आवदायच्या बाजारातून
केळीच्या पानांत गुंडाळलेल्या ओल्या जुड्या
सरहद्दीपर्यंत पळवल्या.
ब्रेक लावणं त्यांना कमीपणाचं वाटे.
माणसं बाजूला व्हायची. बकऱ्या व्हायच्या नाहीत.
देवेलेच्या अलीकडे, वाळूच्या वळणावर,
गाडी उलटली आणि रोबाकाका खाली गेला.
लोक धावत आले.
आधी जुड्या दुसऱ्या गाडीत भरल्या.
हे सांगताना आबांचा आवाज चढत नाही.
‘सुकल्या असत्या ना,’ म्हणतात.

गालाच्या आतल्या कातडीतून ते झिरपतं,
पोटाची वाट बघत नाही.
मेंदूत एक दार असतं,
सांडलेलं डोपामिन गोळा करून घरात घेणारं.
कॅथिनोन त्याच दारातून आत शिरतं
आणि दार उलटं फिरवतं.
मग जे आत होतं ते सगळं अंगणात.
शेजारचे अब्दोश येतात, धूप पेटतो,
दोघं मिळून नदीवर पूल बांधतात,
रेल्वे पुन्हा सुरू करतात,
माझं लग्न तीन ठिकाणी ठरवतात.
मी आबांचं मनगट धरते. एकशे चार.
वहीत लिहिते. वही भरत आली.
‘सोडा आता,’ असं एकदाच म्हणाले होते;
‘तूच कुटतेस की,’ म्हणाले.

दीड तासात निम्मं. पुढच्या दीड तासात त्याचं निम्मं.
याला अर्धायुष्य म्हणतात, मी समजावलं.
आबा हसले. ‘माझं तर रस्त्यावरच गेलं.’

अंधार पडला की पूल पडतो.
अब्दोश चपला शोधतात, कुणाशी न बोलता जातात.
आबा भिंतीला टेकून,
जिभेने हिरड्या चाचपत.

रात्री दोनला जागेच असतात.
‘त्या दिवशी तोडून किती तास झाले होते गं?’
मी तेव्हा चार वर्षांची.
मला कुठून ठाऊक?
तरी सांगते, नऊ.
‘मग वेळ होता,’ म्हणतात,
आणि कूस बदलतात.