शहात्तर दिवस

नर्मदा आमच्या नळाला एक दिवसाआड येते.
समुद्राकडे निघालेलं तिचं पाणी
जलूदला अडवून, डोंगर चढवून इंदूरला आणतात.
मी ते गाळतो, वाट्या मोजून मीठ ढवळतो,
आणि सुदामानगरात, दुसऱ्या मजल्यावर
चार फूट समुद्र होतो.

रंगपंचमीच्या आदल्या रात्री
पिवळ्या टँगच्या कल्ल्यापाशी रव्याचे कण दिसले.
दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या पेशी मोजतो मी.
ताट तसंच ठेवून ठिपके मोजले. अकरा.
मासा दगडाला अंग घासत होता;
हात नसलेल्याला खाज सुटली की दुसरं काय करणार.

तिसऱ्या दिवशी अंग लख्ख.
छावणीतला इद्रिस फोनवर म्हणाला,
‘हो गया भिया, अब सो जाओ.’

झालं नव्हतं.
ठिपके नुसते खाली उतरले होते,
वाळूत, दगडांच्या सांदीत, कवच ओढून,
एकाचे दोनशे व्हायला.

मग दुसरी टाकी. ना वाळू, ना दगड.
लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा
आणि तांबं, थेंब थेंब.
कमी पडलं तर तो जगतो, जास्त झालं तर मासा जातो.
नळी उजेडात धरून कार्डावरच्या निळ्याशी
ताडून बघायची, सकाळ-संध्याकाळ.
ओवी म्हणाली, ‘देवाच्या ताम्हणातलं चालत नाही का, बाबा?’
नाही म्हटलं.
का नाही, ते मात्र नीट सांगता येईना.

धाकटा क्लाऊन पाचव्या दिवशी गेला.
मोगऱ्याच्या कुंडीत पुरला.
आदल्या रात्री मी अर्धा मिली वाढवलं होतं.
हे ओवीला सांगितलेलं नाही.

मोठ्या टाकीत आता गोगलगायी
आणि शंखातला खेकडा. त्यांना तांबं सोसत नाही.
तिथे औषध एकच : शहात्तर दिवस मासा नको.
वाळूतून ते फुटून वर येतात,
डोळ्यांना न दिसणारे,
जेमतेम दिवसभर पोहत अंग शोधतात.
अंग मिळत नाही.

खालचे मुजुमदार विचारतात,
‘रिकाम्या टाकीला दिवा कशाला हो?’
रिकामी कुठाय, म्हणतो मी,
आणि पुढचं गिळतो.

आज त्रेपन्नावा. मे महिना, वीज गेलेली.
तांबं कधीच थांबलंय; टँग पलीकडे
पाइपाच्या तोंडाशी बसून इकडे बघतो,
किंवा मला तसं वाटतं.
फ्रिजरमधल्या बाटल्या मी समुद्रात सोडतो,
हात कोपरापर्यंत आत.
जरा वेळ तसाच ठेवतो.
या घडीला कुणीतरी जन्मून
याच हाताजवळून पोहत गेलं असेल.

माणसाचं अंग त्यांना चालत नाही.

ओवी पेन शोधतेय, कॅलेंडरवर फुली मारायला.
अंधारात ती चुकून
उद्याच्या चौकटीत मारते.