चार बोटं खाली

बोरू सरळ करायला विस्तव मंद लागतो
हे मला कुणी शिकवलं नाही.
सहा जळाले, सातवा वाकडाच राहिला,
आठव्यानं ऐकलं.

वाशिंब्याच्या खालच्या अंगाला, मे महिन्यात,
उजनीचं पाणी मागं सरकतं
आणि जुन्या गावाची पांढरी उघडी पडते.
तिथं मी गारा वेचतो.
आभाळातल्या नव्हे, काळ्या कातळाच्या पोटातल्या:
दुधी, मधाळ, एखादी डाळिंबाच्या सालीसारखी.
उन्हापुढं धरल्यावर कडेनं उजेड आत शिरतो
तीच घ्यायची.
बाकी खडे.

मांडीवर टायरचा तुकडा.
जळक्या मोटारीच्या तांब्याचा टोचा, त्याला बाभळीची मूठ.
दाबायचं, ठोकायचं नाही.
नीट टवका निघाला तर अडकित्त्यात सुपारी फुटल्यागत वाजतं.
चुकलं तर काहीच वाजत नाही,
नुसते हातात दोन दगड होतात.
अकरा घडवायला बसलो, तीन उरली.

एकवीस वर्षं सोलापुरात, टॉवेलच्या मागावर
तुटला धागा सांधत आलो.
गाठ दिसली की गुंडेटी शेठ पगार कापायचे.
बोटं विसरली नाहीत:
बाणाच्या मानेला चौदा वेढे,
गाठ आत दडवलेली.

पाती आधी डिंकात बसवली होती.
डिंक पाण्यात विरघळतो
हे शेंबड्या पोराला ठाऊक,
मला पाती बुडाल्यावर कळलं.
सटवा दरदरे होडीत मागं कलंडून हसला,
वल्हं निसटलं त्याचं,
तेही हसत हसतच धरलं.
मग राळ, मेण, कोळशाची पूड.

केळीच्या बांधाला कडब्यानं भरलेलं पोतं.
रोज चाळीस बाण, सकाळी, वारा उठायच्या आत.
सरावाला खिळा, शिकारीला दगड;
वजन दोन्हीचं एकच, वाण्याच्या काट्यावर जोखलेलं.
वाणी विचारतो, सोनं काय?
मी म्हणतो, उधारीवर नको, जोखून दे.

पोत्यात दहातले आठ बसायला लागले
तेव्हा पाण्याशी गेलो, आणि पुन्हा अडाणी झालो.
मासा दिसतो तिथं नसतो.
चार बोटं खाली असतो,
खोल असला तर वीतभर.
सुतळीचा गठ्ठा दगड बांधून बुडवला,
आठवडाभर त्याच्यावर चुकत राहिलो.
डोळा म्हणतो इथं, हात म्हणतो इथं,
दोघांना खोटं पाडायचं
आणि मगच सोडायचं.

(आजा काठावरून बोट दाखवायचा, ती बघ आपली विहीर.
कधी दिसली नाही.
त्यानंही बोट जरा वरच धरलं असेल.)

बुधवारी, गुडघाभर पाण्यात, अर्धा तास हललो नाही.
पिंडऱ्यांना शेवाळ चाटून गेलं.
चिलापी आली, हातभर नाही, तळहाताएवढी,
कल्ले मिटत उघडत, उन्हात तिरपी.
मी तिच्याकडं बघणं सोडलं,
तिच्या खालच्या गढूळ रिकाम्या जागेकडं बघितलं
आणि तिथं मारलं.

बोरू वर आला. तरंगला. थरथरला.

"जाळ्यात क्विंटलभर येतात,"
सटवा म्हणाला, "तू एकीसाठी म्हातारा झालास."
पण चूल त्यानंच पेटवली,
तिखट त्याच्याच डब्यातलं,
भाकरी माझी, दोघांत दीड.

तिसऱ्या घासाला तो थांबला.
दाढेखालून काहीतरी काढलं,
धोतराला पुसलं, उन्हापुढं धरलं.
टोकाचा टवका, तुरीच्या डाळीएवढा,
कडेनं उजेड आत शिरलेला.

मला वाटलं आता हसणार.
त्यानं तंबाखूची चंची उघडली,
टवका चुन्याच्या डबीशेजारी ठेवला,
दोरी आवळली.
"काटे बघून खा," एवढंच म्हणाला
आणि उरलेली अर्धी भाकर
माझ्याकडं सरकवली.